पाण्यावर शून्य

सकाळी साडेसहाला सबनीस साहेबांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं आणि मी आत गेल्यावर दार लावून घेतलं. टेबलावर माझं शुगर मीटर होतं आणि त्याच्या शेजारी चष्म्याच्या दुकानात असतो तसला बारका स्क्रू-ड्रायव्हर.

"भूषण, आज किती ट्रॅक्टर येणार आहेत?"

"अकरा. सगळे करंजखेडचे."

"त्यातले निम्मे परत गेले पाहिजेत."

मला वाटलं, माल खराब असल्याची काही खबर त्यांना लागली असावी. मी म्हणालो, "परवाच सगळ्या बागा बघून आलोय साहेब. तेवीसच्या खाली एकही नाही. दोन-तीन तर पंचविसावर गेल्यात."

"ते मला माहीत आहे. म्हणूनच तुला बोलावलं." त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे सरकवला.

शुगर मीटर म्हणजे वीतभर लांबीची नळी. एका टोकाला काच, दुसऱ्या टोकाला डोळा लावायची जागा. काचेवर द्राक्षाच्या रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण दाबायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. आत आकड्यांची पट्टी दिसते. वरचा भाग निळा, खालचा पांढरा. दोन्ही रंग जिथे मिळतात तो आकडा म्हणजे रसातली साखर. नळीच्या अंगावर एक स्क्रू असतो. काचेवर साधं पाणी टाकून तो स्क्रू फिरवायचा आणि रेघ शून्यावर आणायची. मग दिवसभर मीटर खरं बोलतं. तोच स्क्रू थोडा इकडे-तिकडे केला की चोवीसचा रस एकवीस दाखवतो.

"साहेब, हे कशाला?"

"टाक्यांत अजून गेल्या वर्षीची वाइन पडून आहे. मुंबई-पुण्याची हॉटेलं हिवाळ्यापासून ओस पडलीत. मालक रोज एकेका हॉटेलवाल्याच्या दारात उभे राहतात. नवा रस मी कुठे भरू? माझ्या डोक्यावर?"

"मग लोकांना तसं सांगू या."

"करार वाचलायस ना? बावीसच्या वर शुगर भरली तर माल घ्यायलाच लागतो. जागा नाही म्हणालो तर करार आपण मोडला. शुगर कमी भरली तर त्यांनी मोडला."

त्यांच्या बोलण्यात दरडावणी नव्हती. दोन दिवसांची दाढी वाढलेली होती, डोळे तांबारलेले होते. हा माणूस मला वाइनमधलं सगळं काही हाताला धरून शिकवणारा. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "तुझं लग्न मे महिन्यात ना?"

"हो."

"मग," एवढंच म्हणून ते बाहेर गेले.

मी स्क्रू फिरवला. त्याला अर्धा मिनिटही लागलं नाही.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या आधीची पाच वर्षं आमच्या दिंडोरीच्या बाजूला नुसती घोडदौड चालली होती. माझे वडील शाळेत शिपाई. आमच्या घरी वाफाभरही जमीन नाही. रसायनशास्त्रात बी. एस्सी. होऊन मी औषधाच्या दुकानात गोळ्या मोजत होतो, तेव्हा ही वायनरी उभी राहिली आणि मला प्रयोगशाळेत नोकरी लागली. माझ्यासारखी कितीतरी पोरं लागली. बाटल्या भरायच्या कामाला आजूबाजूच्या पाड्यांवरच्या पन्नास बायका येऊ लागल्या. त्यांच्यासाठी कंपनीची गाडी सुटायची. रस्त्याला दोन पेट्रोल पंप आले, बँकेची शाखा आली, क्रेट बनवणारे आले, लोखंडी तारा विकणारे आले. ज्या गावात एस. टी. दोनदा यायची तिथे शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या दिसायला लागल्या.

आणि या सगळ्याला लागणारी द्राक्षं लावायला शेतकऱ्यांना तयार करायचं काम माझं होतं. खायची द्राक्षं वेगळी आणि वाइनची वेगळी. वाइनची बारकी, काळी, बियांची, जाड सालीची. बाजारात नेली तर टोपलीभरालाही कोणी विचारत नाही. ती विकायला जागा एकच, वायनरीचं फाटक. चांगली चालती बाग तोडून ही लावा, असं मी मोटारसायकलवर गावोगाव सांगत फिरलो. लोक चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे.

करंजखेडमध्ये पहिली हो म्हणाली ती सगुणाआक्का उगले. पन्नाशीची बाई. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, दोन्ही मुलं शिकायला पुण्याला. बाग एकटी सांभाळायची. तिने माझं सगळं ऐकून घेतलं होतं आणि एकच विचारलं होतं, "फाटक बंद झालं तर?"

"नाही होणार, आक्का. करार आहे."

"करार कागदावर. मी तुला विचारतेय."

"मी आहे ना," मी म्हणालो होतो. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो.

तिने तीन एकर खायची द्राक्षं तोडली आणि वाइनची लावली. ती लावतेय म्हटल्यावर गावातल्या आणखी तेराजणांनी लावली. त्यांचा गट झाला, आक्का गटाची प्रमुख. कंपनीने गटाला एक शुगर मीटर दिलं आणि ते कसं वापरायचं हे मी तिच्या ओट्यावर बसून सगळ्यांना शिकवलं. रोज सकाळी आधी पाण्यावर शून्य बघायचं, मगच रस टाकायचा, असं दहा-दहा वेळा म्हणून घेतलं.

साडेआठला पहिला ट्रॅक्टर फाटकाशी आला. नामदेव ढोकरे, साठीचा मऊ माणूस. पहाटे चारपासून तोडणी करून आला होता. वाइनची द्राक्षं थंड असताना पोचवावी लागतात. ट्रॉलीत उन्हं चढली की रस तिथेच फसफसायला लागतो. मी मधल्या क्रेटमधून चार मणी घेतले, काचेवर पिळले, मीटर उजेडाला धरलं.

"एकवीस."

नामदेवतात्या पुढे वाकले. "किती?"

"एकवीस, तात्या. बावीस लागतात."

"परवा तूच चोवीस म्हणालास ना?"

"परवा वरचे घड बघितले होते. खाली कमी भरलेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि म्हणाले, "तू म्हणतोस म्हणजे असेल." ट्रॅक्टर मागे घेतला, वळवला आणि निघून गेले. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्याला मी पास केलं; सगळेच परत घालवले तर संशय येईल, असा विचार करण्याइतपत माझं डोकं तेव्हा चालत होतं. तिसरा आणि चौथा परत. ते गेले नाहीत. ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला लावून उभे राहिले. पाचव्याला पास केलं. तोवर दहा वाजले होते, ऊन डांबरावर उतरलं होतं आणि मागे उभ्या ट्रॅक्टरांवरचे लोक खाली उतरून फाटकाजवळ यायला लागले होते. त्यात बापू गांगुर्डे होता. तिशीचा, अंगाने आडदांड, चौथा ट्रॅक्टर त्याचाच. वर्षापूर्वी बाजार समितीत त्याने एका व्यापाऱ्याचा हात मोडला होता. ट्रॉलीच्या फळीला लावायची लोखंडी पहार त्याने काढून हातात घेतली होती आणि तिच्यावर भार देऊन उभा होता.

सहावा ट्रॅक्टर सगुणाआक्काचा. चालवणारा गडी होता. ती मडगार्डवर बसून आली होती. डोक्यावरून पदर, त्यावर टॉवेल. खाली उतरून माझ्यासमोर आली.

"बघ," ती म्हणाली.

तिचा माल पास करायचा, हे मी मनात ठरवलं होतं. पण लोकांत कुजबुज चालली होती. आक्काचा माल घेतला आणि बापूचा परत, असं झालं तर काय होईल ते दिसत होतं. दोघांच्या बागा एकाच बांधावर, एकाच विहिरीचं पाणी. मी रस पिळला आणि बघितलं. मीटर बावीसला टेकलं होतं. म्हणजे खरी पंचवीस.

"एकवीस," मी म्हणालो.

आक्काने क्रेटमधला एक मणी तोंडात टाकला, चावला, बी तळहातावर काढली आणि हात माझ्यापुढे धरला.

"ही बी बघ. काय रंग आहे?"

"तपकिरी."

"कच्च्या मालाची कशी असते?"

"हिरवी."

"हे कोणी शिकवलं मला?"

तिने कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून गटाचं मीटर काढलं. चिंधीत नीट गुंडाळलेलं. रस टाकला, डोळ्याला लावलं आणि मग माझ्या हातात दिलं. मी बघितलं. पंचवीस.

"मोठ्याने सांग," बापू मागून म्हणाला.

"पंचवीस."

आतमध्ये द्राक्षं चिरडायच्या यंत्राची घरघर तेवढी चालू होती.

"माझ्यात पंचवीस. तुझ्यात एकवीस," आक्का म्हणाली. "दोन्हींतलं एक खोटं बोलतंय."

"तुमचं जुनं झालंय, आक्का. काच झिजते."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं ते मला आजही कळत नाही. मी काही विचार केला नव्हता.

"असेल," ती म्हणाली. "मग आपण दोन्ही पाण्यावर लावून बघू."

गड्याने ट्रॅक्टरवरची पाण्याची बाटली आणून दिली. तिने आपलं मीटर पुसलं, दोन थेंब टाकले, बघितलं आणि शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला दाखवलं. "शून्य," तो म्हणाला. मग तिने माझ्यापुढे हात केला.

"आता तुझं दे."

मी मीटर घट्ट धरून उभा होतो. ते हातातून सोडून द्यावं, डांबरावर पडून काच फुटली की प्रश्नच मिटला, असं मनात आलं. माझी बोटं सैलही झाली. पण बापू दोन पावलं पुढे आला होता आणि त्याचे डोळे माझ्या हातावर होते. मीटर पडलं असतं तर ते का पडलं हे त्याला लगेच कळलं असतं. फाटकावरचा रखवालदार केव्हाच केबिनमध्ये शिरून बसला होता. माझ्या मागे बंद फाटक, पुढे वीस-पंचवीस माणसं. ज्यांच्या ओट्यावर मी जेवलो होतो अशी माणसं.

मी मीटर आक्काच्या हातात दिलं.

तिने काच टॉवेलने पुसली. पाणी टाकलं. झाकण दाबलं. डोळा लावला आणि सूर्याकडे तोंड केलं. आत काय दिसणार हे मला ठाऊक होतं. रेघ शून्याच्याही खाली गेलेली. पांढरा भाग कुठेच नाही, वरपासून खालपर्यंत सगळं निळं. ज्याने एकदा मीटर वापरलंय त्याला तेवढं बघून सगळं कळतं.

ती बराच वेळ बघत राहिली.

"काय आहे आक्का?" बापूने विचारलं.

तिने मीटर खाली घेतलं. काच टॉवेलने कोरडी केली, अगदी कोपऱ्यापर्यंत.

"शून्य आहे," ती म्हणाली. "मीटर बरोबर आहे."

"मला बघू दे."

"तुला काय कळतं त्यातलं? हा शिकवत होता तेव्हा तू झोपला होतास." दोन-तीनजण हसले. बापूही किंचित हसला. पहारीवरचा त्याचा हात सैल झाला. "ऊन लागलंय सगळ्याला. मालालाही आणि माणसांनाही. जरा सावलीला घ्या ट्रॅक्टर. भूषण आत जाऊन दुसरं मीटर आणतोय, मग पुन्हा मोजू. काय रे?"

मी मान हलवली.

मीटर परत देताना ती माझ्या अगदी जवळ आली. आवाज एवढा हळू की मला ओठांवरून अर्धं समजलं.

"दहा मिनिटं. आत जा, नीट कर आणि बाहेर ये. दहाच्या वर एक झालं तर मी त्यांना काय दिसलं ते सांगेन."

सबनीस साहेब टाक्यांच्या शेडमध्ये होते. मी धावतच गेलो.

"काय झालं?"

"आक्काने पाण्यावर लावलं."

त्यांचा चेहरा उतरला. "मग?"

"तिने शून्य आहे म्हणून सांगितलं. सगळ्यांसमोर. पण मला दहा मिनिटं दिलीत."

"म्हणजे संपलं. सुटलो आपण."

"नाही सुटलो. मी स्क्रू परत जागेवर आणून बाहेर जातोय."

"आणि तीस टन माल कुठे ओतू? सांग ना मला. तू सांग."

"मागच्या दोन टाक्या दुरुस्तीला काढल्यात, त्या धुवून घेता येतील. आजच्यापुरतं होईल."

"आणि उद्या?"

"उद्या जागा नाही म्हणून फाटकावर लिहून लावा. तुमच्या सहीने. तारखेसकट."

"मालक मला ठेवतील?"

मी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तिथेच नळाचं पाणी काचेवर टाकलं. दोनदा स्क्रूची खाच चुकली. साहेब बघत उभे होते. त्यांनी मला अडवलं नाही. मदतही केली नाही. रेघ शून्यावर आली तेव्हा म्हणाले, "बाहेर जाऊन खरा आकडा सांगितलास तर उद्यापासून येऊ नकोस. मी माझ्या मनाने बोलत नाहीये, एवढं लक्षात ठेव."

"हो साहेब."

बाहेर आलो तेव्हा आक्का ट्रॉलीच्या सावलीत उकिडवी बसली होती आणि मनगटातलं घड्याळ बघत होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "उन्हाने मीटरची रेघ सरकली होती. नीट करून आणलंय. सगळ्यांचा माल पहिल्यापासून पुन्हा मोजतो."

उन्हाने रेघ सरकते हे खोटं नाही. थोडी सरकते. तीन आकडे नाही सरकत. शिवाय आक्का मघाशीच शून्य म्हणाली होती आणि मी दुसरं मीटर आणलंच नव्हतं. पण लोकांना माल द्यायचा होता; कोणी फार खोलात गेलं नाही. बापूची शुगर चोवीस भरली. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि ट्रॅक्टर आत घेतला. ती थाप मी अजून विसरलेलो नाही. आक्काची पंचवीस भरली. ती माझ्याकडे न बघता आत गेली.

मी एका पोराला मोटारसायकलवर नामदेवतात्यांच्या मागे पाठवलं. तो पाऊण तासाने आला आणि म्हणाला, तात्यांनी ट्रॉली ओढ्याच्या काठी रिकामी केली. शेळ्या लागल्यात मालाला. दुपारी तात्या स्वतः आले, रिकामी ट्रॉली घेऊनच. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

"तात्या, मीटर सरकलं होतं," मी म्हणालो. त्यांच्या तोंडाकडे बघणं मला जमलं नाही.

"होतं असं," ते म्हणाले. "यंत्रच ते." आत चाललेली गडबड बघितली आणि गेले. त्या उन्हाळ्यात करंजखेडमध्ये पहिली वाइनची बाग तोडली ती त्यांनी.

दुपारी चारला सबनीस साहेबांनी स्वतः येऊन फाटकावर कागद चिकटवला. टाक्यांत जागा नसल्याने उद्यापासून माल स्वीकारला जाणार नाही. खाली सही, तारीख. दुसऱ्या दिवशी बाकीच्या गावांचे ट्रॅक्टर आले तेव्हा मोठा गोंधळ झाला, पण माल नाकारल्याचा पुरावा आता लोकांच्या हातात होता. वर्षभर खेटे घालून गटांनी कराराप्रमाणे थोडीफार भरपाई मिळवली. ज्यांचा माल शुगर कमी म्हणून परत गेला असता त्यांना काहीच मिळालं नसतं. मी तोवर तिथे नव्हतो. कागद लागला त्याच संध्याकाळी माझ्या टेबलाचे कप्पे रिकामे करून घेतले होते.

लग्न मोडलं नाही, सहा महिने पुढे गेलं. सांगलीकडे एका रसाच्या कारखान्यात मला काम लागलं. तिथल्या साहेबांनी नंतर सांगितलं की माझ्यासाठी सबनीसांचा फोन आला होता. तोपर्यंत त्यांनाही वायनरीने काढलं होतं.

पुढची तीन-चार वर्षं आमच्या बाजूला वाईट गेली. वायनऱ्या बंद पडल्या, बागा तुटल्या, पाड्यांवरच्या बायकांना न्यायला येणारी गाडी बंद झाली. मग हळूहळू पुन्हा जम बसला. या वेळी लोक शहाणे झाले होते. अर्धी बाग खायची, अर्धी वाइनची. नवे मालक आले, मुंबईचे लोक बागेत राहायला येऊ लागले, रस्ता चौपदरी झाला. बापूने बागेत चार खोल्या बांधल्या. पाहुण्यांना पिठलं-भाकरी खाऊ घालतो. मीही परत आलो. आता एका वायनरीत माल घ्यायचं काम माझ्याच हाताखाली आहे.

परत आल्यापासून मी दर दिवाळीला करंजखेडला जातो. पाडव्याच्या दिवशी, पेढे घेऊन. आक्काच्या पाया पडतो. नव्या पोरांना कामावर घेतो तेव्हा त्यांना त्या दिवशीची हकीकत सांगतो. एका बाईने आपला माल पणाला लावून मला कसं वाचवलं ते. आक्काशी मात्र त्याबद्दल कधी बोललो नव्हतो. विषय काढायची हिंमत नव्हती, आणि तिनेही कधी काढला नाही.

गेल्या दिवाळीला काढला. आक्का आता सत्तरीच्या घरात आहे. गुडघे गेलेत, ओट्यावर खुर्चीत बसते. धाकटा पुण्यालाच, पण त्याची बायको गावाकडे असते, तिच्याच हाती बाग आहे. मी पाया पडलो, पायरीवर बसलो आणि म्हणालो, "आक्का, त्या दिवशी तुम्ही शून्य म्हणालात म्हणून मी आज आहे. माझ्यासाठी एवढं का केलंत, हे कधी विचारलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्यासाठी?"

"म्हणजे बापूच्या हातात पहार होती..."

"होती ना. मी निळं दिसतंय म्हणून सांगितलं असतं तर त्याने ती तुझ्या डोक्यात घातली असती. मग फाटक बंद. पोलीस. पंचनामा. चार दिवस कुणाला आत घेतलं नसतं." ती पुढे वाकली. "तीन टन माल ट्रॉलीत उन्हात उभा होता, भूषण. खालच्या क्रेटमधून रस गळायला लागला होता. तू ट्रॉलीकडे बघितलं नाहीस, मी बघितलं होतं. मला माल आत घालायचा होता. तू मेला असतास तर तो आत कसा गेला असता?"

मी हातातला पेढ्यांचा पुडा पायरीवर ठेवला.

"राग तर असा आला होता तुझा," ती शांतपणे म्हणाली, "की माल आत गेल्यावर बापूला सांगावं, असंही मनात आलं होतं. वजन करून बाहेर आले तेव्हा तू नामदेवशी बोलत होतास. तुझं तोंड बघितलं आणि राहू दिलं."

सून दारात येऊन उभी राहिली होती. तिला हे सगळं नवीन होतं. ती एकदा माझ्याकडे, एकदा सासूकडे बघत होती.

"मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "मी येऊन पाया पडायचो. लोकांना सांगत सुटलोय मी, आक्का."

"पोरं पुण्याला. दिवाळीला एक येतो, एक येत नाही. तू दर पाडव्याला यायचास, पेढे आणायचास. बरं वाटायचं." तिने गुडघ्यावरून हात फिरवला. "सांगितलं असतं तर आला असतास का पुन्हा?"

"आलो असतो."

"खोटं बोलतोस," ती म्हणाली आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.